जुनी गादी कुठंय?

एका तालुक्याच्या गावी एक पिंजारी होता. बाजाराच्या मागच्या बोळात त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारात पिंजायचं यंत्र, आत एका बाजूला कापडाची ठाणं, कोपऱ्यात सरकी काढायचा छोटा रेचा आणि खुंटीला टांगलेली बापाची धनुकली. धनुकलीची तात केव्हाच तुटली होती, पण ती त्यानं खाली काढली नव्हती. सगळं गाव त्याला चाचा म्हणे. त्याच्या भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर बारा महिने बारीक रुई बसलेली असे.

त्याच गावात एक बाई शाळेत शिकवत. त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी कर्ज काढून नवं घर बांधलं. घर बांधतानाच बाईंनी ठरवलं होतं की नव्या घरात प्लास्टिक नको, फोम नको, पॉलिस्टर नको. हे काही उगाच आलेलं खूळ नव्हतं. वर्गात पर्यावरणाचा धडा त्याच शिकवत आणि मुलांना एक सांगायचं, घरी दुसरंच करायचं, हे त्यांना रुचत नसे. शिवाय घरात चार वर्षांची मुलगी होती. तिनं स्वच्छ हवेत वाढावं, स्वच्छ अंथरुणावर निजावं, असं आईला वाटणारच.

म्हणून काथ्याची पायपुसणी आली. तागाची सतरंजी आली. दात घासायचे ब्रश बांबूचे आले. भुशाच्या फळ्यांचं कपाट बाईंनी दुकानातच नाकारलं, कारण त्याचं दार उघडताच डोळे चुरचुरले. फळ्या चिकटवायच्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असतं आणि ते पुढं बरेच दिवस हवेत सुटत राहतं, हे त्यांनी वाचलं होतं. हे सगळं बरोबरच होतं.

पण नवं आत यायचं तर जुनं बाहेर जायला हवं. भंगारवाल्याची गाडी त्या आठवड्यात दारावरून रिकामी गेली नाही. चांगल्या धडधाकट बादल्या गेल्या, कारण त्या प्लास्टिकच्या होत्या. पत्र्याची मांडणी गेली, कारण ती नव्या भिंतीला शोभेना. घर बदलताना जुनं टाकण्याचा एक वेगळाच हुरूप चढतो. दोन गाद्या मात्र भंगारवाल्यानं घेतल्या नाहीत, म्हणून यजमानांनी त्या रात्री रस्त्याकडेला नेऊन ठेवल्या. सकाळी तिथं एकही नव्हती.

मग बाई चाचाकडं गेल्या.

“चाचा, गाद्या करायच्यात. कापूस ऑरगॅनिक पाहिजे. मिळेल?”

चाचानं यंत्र बंद केलं. तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

“कापूस आहे, बाई. जिनिंगमधून येतो. शंभर शेतकऱ्यांचा एकात एक झालेला असतो. कुणी काय फवारलं, मी कसं सांगू?”

“म्हणजे तुमच्याकडं नाही.”

“आहे म्हटलं असतं तर तुम्हाला कळलं नसतं,” चाचा म्हणाला. “पण मला कळलं असतं.”

बाईंना त्याचा खरेपणा आवडला, पण खरेपणावर काही निजता येत नाही. त्या जायला वळल्या. तेवढ्यात चाचानं मागून एक गोष्ट सांगितली.

“दुसरीकडं घ्या, हरकत नाही. पण घेण्याआधी गादी उसवून दाखवा म्हणावं.”

मोठ्या रस्त्यावर गाद्यांचं काचेचं दुकान नवीनच झालं होतं. आत गारवा होता. पलंगावर मांडलेल्या एका गादीवर हिरवं पान छापलं होतं आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘ऑरगॅनिक’ लिहिलं होतं. हात फिरवला तर कापड खरंच मऊ होतं. किंमत ऐकून यजमानांनी बाईंकडं पाहिलं; तेवढ्या पैशांत चाचानं चार गाद्या केल्या असत्या. पण बाईंचं मन बसलं होतं. पैसे काढता काढता त्यांना चाचाचं वाक्य आठवलं.

“आतून बघता येईल का?”

“मॅडम, चेन उघडली की वॉरंटी जाते,” दुकानातला मुलगा म्हणाला.

बाईंनी गादीची कड उचलली. तिथं शिवणीत एक बोटभर चिठ्ठी होती. तिच्यावर बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. आवरण सेंद्रिय कापसाचं. गाभा पीयू फोमचा.

“पीयू म्हणजे?”

“पॉलियुरेथेन, मॅडम. सगळ्याच कंपन्या वापरतात.”

म्हणजे खनिज तेलापासून केलेला फोमच, वर सेंद्रिय कापसाचं अंगडं घातलेला. पान छापलं होतं ते आवरणावर आणि आवरण खरोखरच तसं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. हीच त्यातली हुशारी होती.

रात्री बाई बराच वेळ वाचत बसल्या. कापडाच्या वस्तूंसाठी ‘ग्लोबल ऑरगॅनिक टेक्सटाइल स्टँडर्ड’ नावाचं एक प्रमाण आहे. त्याच्या नियमाप्रमाणं वस्तूवर नुसतं ‘सेंद्रिय’ असं लिहायचं तर तिच्यातले किमान ९५ टक्के तंतू सेंद्रिय असावे लागतात; ७० टक्क्यांच्या वर असतील तर ‘इतके टक्के सेंद्रिय तंतू’ असं स्पष्ट लिहावं लागतं. आपल्याकडंही २००१ पासून सरकारचा सेंद्रिय शेतीमालाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात बीटीसारखं जनुक बदललेलं बियाणं चालत नाही, रासायनिक खत-औषध चालत नाही आणि प्रमाणपत्र हाती येण्याआधी जमिनीला दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. त्या गादीवरचं पान यातलं कुठलंच नव्हतं. ते नुसतं पान होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई पुन्हा बोळात आल्या.

“चाचा, तुम्हीच करा. कापूस कुठला ते आपण बघू.”

“करतो,” चाचा म्हणाला. “पण जुनी गादी कुठंय?”

“जुनी टाकली.”

“फोमची होती?”

“नाही. कापसाचीच. पण गोळे झाले होते, दबली होती.”

चाचा काही बोलला नाही. त्यानं शेजारच्या ढिगातला एक कळकट गोळा उचलला. दगडासारखा घट्ट होता तो. यंत्र चालू करून त्यानं गोळा आत सोडला. पलीकडून पांढरीशुभ्र रुई भुरभुरत बाहेर पडली आणि मुठीएवढ्या गोळ्याची पाटी भरली. खाली चाळणीतून काळी धूळ आणि सरकीची टरफलं गळाली.

“ही गादी माझ्या बापानं भरली होती,” तो म्हणाला. “तिसऱ्यांदा पिंजतोय.”

बाई तिथून थेट जुन्या घराच्या गल्लीत गेल्या. चौकशी करता करता कळलं की गल्लीच्या टोकाला इमारतीचं काम चाललंय, तिथल्या रखवालदारानं गाद्या नेल्या. त्या तिथं गेल्या. पत्र्याच्या खोलीसमोर दोन्ही गाद्या विटांच्या थप्पीवर उन्हात टाकल्या होत्या. रखवालदाराची बायको काठीनं त्या झोडपत होती. धूळ उडत होती. गादीच्या फाटल्या कोपऱ्याला तिनं जुन्या लुगड्याचं ठिगळ लावलं होतं.

बाईंना पाहून तिचा हात थांबला.

“तुमच्या हायेत का? परत न्यायच्या का?”

बाईंना काय बोलावं सुचेना. परत मागायचा त्यांना हक्क नव्हता आणि तसं त्यांच्या मनातही आलं नाही.

“नाही. तुमच्याच झाल्या आता. पिंजून देऊ का, असं विचारायला आले.”

“मग रातच्याला पोरं कशावर निजतील?”

“सकाळी नेतो, दिवस मावळायच्या आत आणून देतो,” हे उत्तर नंतर चाचानं दिलं आणि तसंच केलं. त्याचे पैसे बाईंनी दिले. त्या गाद्यांची गोष्ट इथं संपली.

आता बाईंच्या घरी काहीच नव्हतं. त्यांना आठवलं, सासरी गावाकडच्या माळ्यावर दोन गाद्या पडून होत्या. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेल्या. पाहुणे मुक्कामाला येईनासे झाले, गाद्या तिथंच राहिल्या. सासूबाई म्हणाल्या, “उंदरांनी खाल्ल्या नसतील तर ने बाई.” टेंपोत घालून त्या आणल्या.

चाचानं दुकानासमोर ताडपत्री अंथरली. विळीच्या पात्यानं टाके कापले आणि खोळ उलगडली. आतला कापूस चपटा होऊन थरांवर थर बसला होता. त्यानं एक चिमूट उपटली, बोटांत ओढून पाहिली, सोडली. चिमूट पुन्हा फुगली.

“देशी आहे. आखूड धाग्याचा,” तो म्हणाला. “सुताला हा चालत नाही, जाडाभरडा पडतो. पण गादीला यासारखा नाही. दाबला तरी उठतो.”

“किती जुना असेल?”

“बीटी यायच्या आधीचा.”

बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत देशी वाण शेतातून जवळजवळ दिसेनासे झाले. आज कपाशीखालच्या जमिनीत दहातली नऊ तरी बीटीची असते. म्हणजे बाई जो कापूस दुकानादुकानांत शोधत फिरत होत्या, त्याच्या बराच जवळचा कापूस सासूबाईंच्या माळ्यावर पडून होता.

चाचानं वजन केलं. दोन्ही मिळून २२ किलो भरलं. पिंजून, धूळ जाऊन १९ उरलं.

“मोठी एक नको,” तो म्हणाला. “दहा-दहा किलोच्या दोन करू. एकट्या माणसाला उचलून उन्हात टाकता आली पाहिजे. जी गादी उचलत नाही तिला ऊन मिळत नाही. आणि पोरीची चार किलोची वेगळी. पाच किलो रुई कमी पडते.”

“ती पाच किलो तरी बिनफवारणीची मिळेल का?”

चाचानं थोडा विचार केला. मग एका गावाचं नाव सांगितलं. तिथला एक शेतकरी दर साल थोडा कापूस वेगळा पिकवत असे.

रविवारी बाई आणि यजमान तिकडं गेले. शेतकरी पन्नाशीचा होता. घराच्या पडवीत कापसाचा ढीग होता आणि ढिगावर एक नातू लोळत होता. बाईंनी विचारलं, प्रमाणपत्र आहे का. तो म्हणाला, गटानं नाव नोंदवलंय, हे दुसरं वर्ष, कागद यायचाय. मग बाईंनी विचारलं, फवारणी का सोडली.

“सतरा साली आमच्या भागात काय झालं, मालूम हाये ना तुमाले?”

मालूम होतं. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात गेले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, फवारा अंगावरच येत होता.

“माया सोबतचा गडी होता त्यात. वाचला. पण डोयाले अजून नीट दिसत नाही त्याले,” शेतकरी म्हणाला. “दुसऱ्या साली मी पंपच काढला नाही. उतारा कमी येते. पण येते.”

बाई म्हणाल्या, “मला मुलीसाठी पाहिजे होता. तिला त्रास नको म्हणून.”

शेतकरी हसला. “बाई, निजणाऱ्याले त्याचा तरास नाही होत फारसा. फवारणाऱ्याले होते.”

बाईंनी पुढं काही विचारलं नाही. इतके दिवस त्या ‘ऑरगॅनिक’ शोधत होत्या ते आपल्या घरासाठी, आपल्या मुलीच्या नाकातोंडासाठी. त्या शब्दाच्या दुसऱ्या टोकाला पाठीवर पंप बांधलेला एक माणूस उभा असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी १५ किलो कापूस घेतला. एवढ्या कापसातून साधारण पाच किलो रुई निघते, बाकी सरकी. भावावरून घासाघीस करायची यजमानांची सवय होती. त्या दिवशी त्यांनी केली नाही.

चाचानं तो कापूस छोट्या रेच्यातून काढला. सरकीचं बोचकं बांधून पुढच्या बाजाराच्या दिवशी शेतकऱ्याच्या गाडीत ठेवलं. त्याच्या गाईला ती झाली. रुई जुन्या रुईत मिसळली. खोळीला चाचानं आधी चमकदार फुलाफुलांचं कापड दाखवलं, गिऱ्हाईक तेच मागतं म्हणून. बाईंनी ते चुरगाळून पाहिलं, ते पॉलिस्टर होतं. मग जाड मांजरपाट निघाला. चाचानं खोळी शिवल्या, रुई भरली, काठीनं झोडपून सारखी केली आणि मग दाभण घेऊन गुडघ्यावर बसला. आरपार दाभण, दोरा ओढायचा, गाठ मारायची, वीतभर सरकायचं, पुन्हा दाभण. कडेचे टाके घालताना तो बोलत नसे. संध्याकाळी गाद्या हातगाडीवर चढल्या.

आता खरं ते सांगायला हवं. कापसाच्या गादीची उस्तवार असते. ती जड असते. दबते. पावसाळ्यात ओल धरते आणि धूळ तर धरतेच. दर पंधरा दिवसांनी गच्चीवर न्यायची म्हटल्यावर यजमान पहिले काही महिने कुरकुरले. मग सवय झाली. मुलीला तर उन्हातून आणलेल्या गरम गादीवर लोळायचा नाद लागला.

शेजारच्या घरी त्याच सुमारास पानवाली गादी आली होती. पाचेक वर्षं ती छान चालली. मग मधोमध खड्डा पडला. शेजाऱ्यांनी ती दारात उभी केली. भंगारवाल्यानं ती अंगठ्यानं दाबून पाहिली आणि गाडी पुढं ढकलली. नगरपालिकेची कचरागाडी म्हणाली, एवढी मोठी आमच्यात मावत नाही. तीन आठवडे ती भिंतीला टेकून होती. पाऊस आला, ती प्यायली आणि आडवी झाली. शेवटी कुणीतरी ती नाल्याच्या कडेला नेऊन टाकली. आवरणाचा सेंद्रिय कापूस वर्षभरात सडून गेला. आतला फोम पिवळा पडला, त्याचा भुगा होत राहिला आणि तो भुगा नाल्यातून पुढं जात राहिला.

शेजारीण बाईंकडं आली. “आता कुठली घ्यावी हो? त्यातल्या त्यात ऑरगॅनिक?”

बाईंनी विचारलं, “तुमच्या माळ्यावर जुनी गादी आहे का एखादी?”

या गोष्टीतल्या बाई चुकीचं काही मागत नव्हत्या. माल कसा पिकला, त्यात काय मिसळलं, हे गिऱ्हाइकानं विचारलंच पाहिजे. न विचारणाऱ्यांच्या जिवावरच ते हिरवं पान छापलं जातं. फक्त तो प्रश्न नंतरचा आहे. पहिला प्रश्न चाचानं विचारला तो, की जुन्याचं काय केलं. त्याच्या मागोमाग येतो तो उसवण्याचा. जी वस्तू उसवता येते ती दुरुस्त होते, पुन्हा भरता येते, दुसऱ्याच्या उपयोगी पडते आणि अगदी संपली तर मातीत जाते. हेच खुर्चीचं, कपाटाचं, बादलीचं. बाईंनी त्या आठवड्यात भंगारात घातलेल्या प्लास्टिकच्या बादल्या आणखी दहा वर्षं सहज टिकल्या असत्या, आणि जी बादली अजून टिकतेय तिच्यापेक्षा पर्यावरणाला बरी अशी नवी बादली बाजारात नाही, मग ती कशाचीही असो.

तुमच्या घरी कापसाची गादी असेल आणि तिचे गोळे झाले असतील, तर ती टाकू नका. गावात पिंजारी अजून असतो. बाजाराच्या मागं विचारा. होळीनंतर, लग्नसराई भरात यायच्या आत जा. तेव्हा हवा कोरडी असते, रुई चांगली फुलते आणि त्याच्या हाताला सवडही असते.